मतलई वाऱ्याचं गाव

परीक्षांचे दिवस आले की सुरतेच्या उधन्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पोरं पुस्तकं घेऊन जिन्यात, गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर बसू लागतात, आणि मराठीच्या नावाने कार्यक्रम करणारे लोक लाउडस्पीकर लावतात. एकीकडे मराठी शाळेतल्या मुलांचं पाठांतर आणि दुसरीकडे मराठी वाचवण्याचा गजर. यात पाठांतर हरतं.

यंदा इथल्या मराठी मंडळाचे कार्यवाह घरी आले. हातात वही, चेहऱ्यावर नवी कल्पना सुचलेल्या माणसाचा थकवा.

"सर, या वेळी जरा वेगळं ठेवलंय. विसरलेले शब्द. प्रत्येक वक्त्याला एक शब्द आणि पाच मिनिटं. तुम्हाला कुठला देऊ?"

"शिल्लक कुठले आहेत?"

"अडकित्ता गेला. पाटा-वरवंटा दोन वहिनींनी मिळून घेतलाय. बाराबंदी आहे अजून."

"मतलई द्या," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"वारा असतो एक."

"हां हां, चालेल. निसर्ग." त्यांनी वहीत लिहून घेतलं. "आणि सर, फेटा बांधावा लागेल. फोटोत सगळे सारखे दिसले पाहिजेत."

फेटा बांधला, पाच मिनिटं बोललो, शाल आणि नारळ घेतला. सभागृह इतकं थंडगार होतं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतले होते. तिथे मी वाऱ्यावर बोललो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. ते पाच मिनिटांत बसलं नसतं, आणि फेटा बांधून तर ते अजिबातच सांगता आलं नसतं.

मतलई वारा म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी दोन्ही कामं सावकाश करतं. त्यामुळे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा, आणि रात्र सरत आली की जमिनीकडून समुद्राकडे निघतो तो मतलई. माझ्या पिढीतल्या, महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक स्पष्ट करा," तो स्पष्ट करील. मतलई म्हणजे काय, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. आम्हाला फरक शिकवला होता, अर्थ नव्हे.

मीही ज्या वर्षी हा शब्द शोधला त्या वर्षापर्यंत सतरा-अठरा वर्षं तो शिकवत आलो होतो. खरं तर आमच्या सुरतेच्या पुस्तकात हा शब्द नव्हताच. आमची भूगोलाची मराठी ही गुजरातीवरून अनुवाद होऊन आलेली मराठी. तिच्यात 'जमिनीची लहर' आणि 'दर्यावरील लहर' असं काहीतरी लिहिलेलं असे. ते वाचून मला लहर येत नसे. म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर 'मतलई' असं ठळक लिहायचो. एवढंच माझं भाषाप्रेम. शब्द टिकला पाहिजे, कळला नाही तरी चालेल.

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, नववीच्या उजळणीच्या तासाला हर्षाली उभी राहिली. दुसऱ्या बाकावरची, वेणीला शाळेची रिबीन आणि बोटांच्या टोकांना वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे असलेली मुलगी.

"सर, मतलई म्हणजे काय?"

"जमिनीवरून वाहणारा वारा."

"ते झालं. पण मतलईच का म्हणायचं?"

"पेपरात विचारणार नाहीत," मी म्हणालो.

"पेपरात तर मतलईच येणार नाही, सर. लहर येणार. मग तुम्ही शिकवता कशाला?"

वर्ग हसला. मीही हसलो. मास्तराला हसण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो तेव्हा तो खिलाडूपणे हसतो. त्या संध्याकाळी मी कोश काढला.

कोशात तो शब्द अरबी असल्याचं निघालं. मतला म्हणजे उगवण्याची जागा, सूर्य जिथून वर येतो ती दिशा. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात तो हाच. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आणि जमीन पूर्वेला. म्हणजे जमिनीवरचा वारा उगवतीकडून येणार, म्हणून तो मतलई. मोसम हा शब्दही अरबी दर्यावर्दी लोकांनीच इथे उतरवलेला. ही व्युत्पत्ती मला पटली. पटलेली व्युत्पत्ती खरी असतेच असं नाही, हे मला ठाऊक आहे. निम्म्या व्युत्पत्त्या माणसाला झोप लागावी म्हणून केलेल्या असतात. पण हिच्यात एक देखणा व्यवहार होता. पहाटे उगवतीच्या वाऱ्यावर शीड सोडून गलबतं तापीच्या मुखातून बाहेर पडत असणार, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत असणार. जायला एक वारा, यायला एक वारा. आता नदीचं मुख गाळाने भरलं आहे, गलबतं गेली, आणि शब्द बंदर सोडून चाळीस पोरांच्या वह्यांत येऊन पडला आहे. तिथून पुढे त्याला जायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षाली शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उत्तर हातात घेऊन प्रश्नाची वाट पाहणं मला जमत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर मीच तिच्या घरी गेलो.

एक खोली. चढून जायला लोखंडी जिना. आत जमिनीवर सहा वार साडी लांबलचक ताणून ठेवलेली, तिच्या एका काठाला आई कोकिळाबाई आणि दुसऱ्या काठाला हर्षाली. साडीवर गोंदाचे ठिपके द्यायचे आणि मेण लावलेल्या काडीने एकेक चमकता खडा उचलून ठिपक्यावर बसवायचा. खडे मुगाच्या डाळीएवढेसुद्धा नाहीत, आणि टिकल्या तर श्वासाने उडतील अशा. दाराशी उंबऱ्याला टेकून सुकलालभाऊ बसले होते, हर्षालीचे वडील. छातीचा भाता वरखाली होत होता, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी दार करकरावं तसा आवाज येत होता.

मी घामाने निथळत होतो. बसता बसता सवयीने पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर तिघंही एकदम ओरडली, "ओ सर!"

बटणावर चिकटपट्टी लावलेली होती.

"पंखा असा लावत नाहीत सर," हर्षाली समजावू लागली. वर्गात मी तिला समजावतो त्याच सुरात. "आधी 'पंखा' म्हणून ओरडायचं. मग आम्ही डब्यांना झाकणं लावतो, साडीवर चादर टाकतो, चारी बाजूंनी दाबतो. मग आई 'लाव' म्हणते. मग लावायचा."

"आणि नाही ओरडलं तर?"

"तर दिवसभराचं काम भिंतीला," कोकिळाबाई मान वर न करता म्हणाल्या. "आन् गोंद बी वाळून जातो. शेठ म्हणतो, दाग पडला, साडी परत. जेवायच्या टायमाला लावतो आम्ही वीस मिनिटं. तुम्ही जेवायच्या टायमाला यायचं ना सर."

सुकलालभाऊ हसले. हसता हसता खोकले, आणि खोकला ओसरेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं असतं हे मला तेव्हा कळलं. मायलेकी काड्या हातात धरून थांबल्या. मग ते म्हणाले, "तीस वरीस खात्यात काढले सर. लूमच्या खात्यात बी पंखा नाही, खिडकी बी नाही. वारा लागला का तार हालतो, तार तुटतो. तिथं वारा वैरी. घरी आलो तर घरात बी वारा वैरी. बायको बी वाऱ्याची वैरी भेटली."

"मग काय वाऱ्यावर सोडलं असतं पोरीला?" कोकिळाबाई म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यात त्यांची छाती तपासली होती. चिठ्ठी खिशात घडी घालून ठेवलेली. त्यांनी ती मला दाखवली, कारण मी मास्तर, आणि मास्तराला अक्षर लागतं असा समज आहे. दोन गोळ्या, एक फवारा, आणि खाली वेगळ्या ओळीत: मोकळी हवा. ती कुठल्या दुकानात मिळेल हे लिहिलं नव्हतं. सुकलालभाऊंनी यंत्रमागाचं खातं सोडलं होतं, छातीनेच सोडायला लावलं होतं, आणि आता घर या साडीवर चाललं होतं. म्हणजे ज्याला हवा हवी त्याचं घर वाऱ्याशिवायच चालणार होतं. हे गणित त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी ते मोठ्याने मांडत नव्हतं. सुकलालभाऊ तर कधीच 'पंखा' म्हणून ओरडत नसत. पुढे मी पुष्कळदा तिथे गेलो, एकदाही ऐकलं नाही.

मी हर्षालीला मतलईचं मूळ सांगितलं. अरबी, उगवण्याची जागा, गलबतं, सगळं. ती काडीने खडे बसवत ऐकत होती. मुलगी खरोखर हुशार होती, पण हुशारीची दखल घ्यायला तिच्याकडे हात मोकळे नव्हते. उत्तर ऐकलं ते दाराशी बसलेल्या माणसाने.

"उगवती म्हंजे आपली बाजू ना, सर? भुसावळ गाडी येते ती?"

"हो. पूर्व."

"तापी बी तिकडूनच येती."

"हो."

ते उंबऱ्यावरच दाराबाहेर वळले. मग स्वतःशीच, घरच्या अहिराणीत म्हणाले, "मंग हाऊ वारा आमना गावथीन येस." म्हणजे हा वारा आमच्या गावाहून येतो.

त्यांचं गाव शिरपूरच्या अलीकडे, तापीच्या काठावर. मी भूगोलाचा मास्तर. मतलई वारा किनाऱ्यापासून फार आत पोचलेला नसतो, तो खानदेशातून निघत नाही, वाटेत डोंगर आहेत, हे मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलंही. पण तोपर्यंत ते बोलू लागले होते. गावात त्यांचे वडील उफणायला तिवईवर उभे राहत, ते स्वतः खालून टोपली वर देत, आणि वारा पडला की सगळं खळं गप्प बसून राही. कुणी बोलायचं नाही, बोललं तर वारा बुजतो म्हणे. मग म्हातारा मूठभर भुसा घेऊन सोडून बघे. भुसा कुठे जातो त्यावरून वारा कुठून येतो, किती येतो, टिकणार की जाणार, सगळं त्याला कळे. "आम्ही वाऱ्याची वाट पाहणारी माणसं, सर," ते म्हणाले. "आन् इथं येऊन वाऱ्याला दार लावायची नोकरी धरली."

जाताना त्यांनी जिन्यापर्यंत सोबत केली. तीन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा.

"सर, त्या वाऱ्यात एकदा बसायचं होतं. डुमसच्या समुद्रावर येतो ना तो? पहाटेचा?"

"येतो. जाऊ या आपण," मी म्हणालो. "परीक्षा संपली की."

नववीची वार्षिक परीक्षा. माणसाने चंद्रावर जायचं ठरवलं तरी आम्ही मास्तर म्हणू, परीक्षा संपली की जा. आमच्या शाळेत या परीक्षेचा थाट असा होता की शिपाई घंटा देण्यापूर्वी सदऱ्याचं वरचं बटण लावत असे. आणि त्या प्रश्नपत्रिकांवरून पुढे जगात काहीही ठरत नव्हतं. तरी मी अगदी मनापासून म्हणालो, परीक्षा संपली की.

मार्च गेला. सुकलालभाऊ मला रस्त्यात भेटत. भाजीच्या गाडीला धरून उभे, नाहीतर बंद दुकानाच्या पायरीवर. भेटले की विचारत, "किती पेपर राहिले सर?" जणू तेच नववीला बसले होते. मी आकडा सांगे. ते मान हलवत. घरात सीझन जोरात होता, लग्नसराईच्या साड्या येत होत्या. हर्षाली पेपर देऊन आली की दप्तर ठेवून साडीला बसे. उन्हं चढत होती तसा त्या खोलीतला पंखा कमी फिरत होता, कारण काम वाढलं होतं. चिकटपट्टी एकदा घामाने सुटली तेव्हा कोकिळाबाईंनी नवी लावली.

एप्रिलच्या शेवटी आम्ही डुमसला गेलो. शेजारच्या रिक्षावाल्याने पहाटे नेलं. सुकलालभाऊ, हर्षाली आणि मी. कोकिळाबाई आल्या नाहीत, त्यांच्या शेठची डिलिव्हरी दुपारची होती. रिक्षात सुकलालभाऊ सांगत होते की डुमसला ते एकदाच आले होते, गणपती बुडवायला. "तवा समुद्र दिसला नाही. नुसती माणसं दिसली."

उजाडत होतं. ओहोटी होती, समुद्र लांब सरकलेला आणि मधे काळसर ओली वाळू. भज्यांच्या बंद टपरीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची पडली होती. ती आम्ही त्यांच्यासाठी आणली. त्यांनी ती फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून उगवतीकडे तोंड करून बसले. डुमसला जो तो समुद्राकडे बघायला येतो. हा एक माणूस रस्त्याकडे, झावळ्यांकडे, पार्किंगकडे बघत बसला.

"येस का सर?"

येतोय का, असं विचारत होते. माझ्या मानेवर मागून वारा लागत होता.

ते वाकले. कोरड्या वाळूची मूठ उचलली, खांद्यापर्यंत हात वर नेला आणि बोटं किंचित सैल केली. ती मूठ चाळीस वर्षांपूर्वी खळ्यावर शिकलेली होती. वाळू सरळ खाली पडली नाही. ती त्यांच्या पुढ्यात, त्यांच्या पायांच्याही पुढे, रस्त्याच्या बाजूला उडून पडली. त्यांनी आणखी एक मूठ सोडली. तीही तिकडेच गेली.

"हाऊ तर मांगून येस," ते म्हणाले. हा तर मागून येतोय. मग ओठांवरून जीभ फिरवली. "खारा शे."

तेव्हा मला आठवलं. म्हणजे आठवलं असं म्हणणं खोटं आहे. ते मला माहीतच होतं, फक्त मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मतलई हिवाळ्याचा वारा. जमीन रात्री चांगली निवते तेव्हाच तो जोर धरतो. फाल्गुन सरला, जमीन रात्रीही तापलेली राहू लागली की तो विरत जातो, आणि मग दिवसरात्र समुद्राचाच वारा आत येत राहतो. फेब्रुवारीत त्यांनी विचारलं तेव्हा तो वाहत होता. रोज पहाटे वाहत होता. मी त्यांना त्या शब्दाचं मूळ सांगितलं होतं, दिशा सांगितली होती, अरबांची गलबतं सांगितली होती. त्याचा मोसम सांगितला नव्हता.

"उशीर झाला, सुकलालभाऊ," मी म्हणालो. "होळीच्या आत यायला हवं होतं. चूक माझी."

"तुम्ही काय करणार सर," ते म्हणाले. "परीक्षा होती ना."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो झेलता आला असता.

"बसू थोडं," मग ते म्हणाले. "हा बी वाराच आहे." आणि डोळे मिटून बसले. मागून येणारा वारा त्यांच्या सदऱ्यात शिरून पुढून बाहेर पडत होता. हर्षाली थोड्या अंतरावर उभी राहून दोन्ही हात पसरून होती. बोटं ताणून, जणू गोंद वाळवत होती. तिच्या आयुष्यात इतका वारा एका वेळी कुणी तिला दिला नसावा. परतताना रिक्षात सुकलालभाऊंनी विचारलं, "हा वारा आता जातो कुठं?"

"आत. पूर्वेकडे."

"उगवतीकडं?"

"हो."

"चला," ते म्हणाले, "कोनीतरी घर जाई ऱ्हायना."

घरी कुणीतरी जातंय. ते हसले, खोकले, आणि रिक्षावाल्याने खोकला थांबेपर्यंत रिक्षा कडेला घेतली.

मे महिन्याच्या मध्यावर, सकाळी दहा-साडेदहाला, हर्षाली मला बोलवायला आली. रडत नव्हती. म्हणाली, "सर, पप्पा उठत नाहीत."

मी पोचलो तेव्हा खोलीत बारा-पंधरा माणसं होती. सुकलालभाऊंना दाराजवळच आडवं केलेलं होतं, रोज बसत तिथेच. दुसरीकडे जागाच नव्हती. उरलेल्या खोलीभर साडी होती. अर्धी झालेली. कोकिळाबाई साडीच्या काठाला तशाच बसून होत्या, हातात काडी, आणि बायका त्यांना धरून होत्या. आत श्वास घ्यायला हवा उरली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "अरे, निदान वारं तरी घाला." मी बटणाच्या सर्वांत जवळ होतो. मी चिकटपट्टी ओढून काढली आणि पंखा लावला.

ओरडलो नाही.

आधी काहीच झालं नाही. पंखा जुना, गती घ्यायला वेळ लावणारा. मग साडीवरून टिकल्यांचा एक थर उचलला गेला. उघड्या डब्यांतून खडे सांडले, टिकल्या वर चढल्या, भिंतीला गेल्या, माणसांच्या केसांत, घामेजल्या मानांवर, सगळीकडे. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात त्या चमकत होत्या. "पंखा!" कोकिळाबाई किंचाळल्या आणि नवऱ्याकडे नाही, साडीकडे झेपावल्या, दोन्ही हात पसरून तिच्यावर पालथ्या पडल्या. तशा पडल्यावर मग त्यांना रडू आलं. मी बटण बंद केलं.

पाती थांबल्यावर पाहिलं तर सुकलालभाऊंच्या सदऱ्यावर, गालांवर, पांढऱ्या भुवयांत टिकल्या बसल्या होत्या. हर्षाली त्यांच्या उशाशी बसली. मेण लावलेली काडी घेतली आणि एकेक टिकली उचलून डबीत टाकू लागली. न्यायला माणसं येईपर्यंत ती तेच करत होती. तिला कुणी थांबवलं नाही, कारण ते काम तिला चांगलं येत होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच दुसरं काही येत नव्हतं.

जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला तेव्हा दुसरं बाक रिकामं होतं. मी दोनदा घरी गेलो. कोकिळाबाई म्हणाल्या, "एका काठाला मी, दुसऱ्या काठाला कोण बसंल सर?" दोन वर्षांनी आमचा मराठीचा वरचा वर्गही दुसऱ्या शाळेत मिसळला, आणि आता फळ्यावर मतलई लिहिणारं तिथे कुणी नाही. त्याने फार नुकसान झालं असं म्हणवत नाही. वारा शब्दावाचून वाहतो. मी शब्द वाचवला होता, आणि ज्याला तो वारा हवा होता त्याला वाऱ्याचा मोसम उलटून गेल्यावर घेऊन गेलो होतो.

यंदाचा कार्यक्रम संपल्यावर फेटा सोडून शाल काखेत मारून मी त्या लोखंडी जिन्यावर गेलो. दुपारची वेळ होती. हर्षाली आता मोठी दिसते, आईसारखा चष्मा तिलाही लागलाय. साडी तशीच ताणलेली, रंग तेवढा वेगळा.

"सर आले. पंखा!" ती ओरडली.

झाकणं लागली. चादर दोरीवर धुऊन वाळत होती, ती ओली. दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. मी काखेतली शाल पुढे केली. हर्षालीने ती झटकन साडीवर पसरली, दोन टोकं तिने दाबली, दोन कोकिळाबाईंनी. माझ्या सगळ्या सत्कारांत त्या शालीला पहिल्यांदाच काम मिळालं.

"लाव," कोकिळाबाई म्हणाल्या. मी लावला.

"कसली शाल, सर?"

"भाषण होतं. मतलई वाऱ्यावर."

हर्षालीने शालीचं टोक दाबून धरलं होतं. दाराकडे, उंबऱ्याकडे एकदा बघितलं. "ते पेपरात आलं नव्हतं," ती म्हणाली. "मी लिहून आले होते तरी. लहर खोडून मतलई लिहिलं होतं."

"मला दिसलं नाही."

"तुम्ही तपासलेच नव्हते ना सर ते पेपर. दुसऱ्या सरांनी तपासले. काट मारली."

बाहेर फेब्रुवारी सरत होता. पहाटे अजून थोडा गारवा असतो, म्हणजे तो वाहत असणार; पर्वत पाटियाच्या कापडबाजारावरून, उधन्याच्या पत्र्यांवरून, या बंद दारावरून समुद्राकडे जात असणार. वीस मिनिटं झाल्यावर कोकिळाबाईंनी मान हलवली, आणि मी बटण बंद केलं. मग पाती पूर्ण थांबेपर्यंत आम्ही तिघं शालीवर हात ठेवून, न बोलता, वारा पडायची वाट बघत बसलो.